बारवेवरचा पांढरा गोल

रंगपंचमी उलटली की लातूरच्या उन्हाला एक वास यायला लागतो. तापलेल्या पत्र्याचा, रिकाम्या हौदात वाळलेल्या शेवाळाचा आणि कुठून तरी लांबून येणाऱ्या पळसाच्या फुलांचा. पळसाला वास नसतो, असं माझी बायको म्हणते. नसेल. मला येतो. गल्लीत टँकरचा हॉर्न वाजतो, बायामाणसं घागरी, कळश्या, प्लॅस्टिकचे डबे घेऊन धावतात आणि मी खिडकी लावून घेतो. मागे एका उन्हाळ्यात या शहराला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळं गाव स्टेशनवर बघायला गेलं होतं. मी गेलो नाही. पाण्याच्या बाबतीत लोकांसमोर उभं राहायची हिंमत माझ्यात एका जुन्या चैत्रापासून राहिलेली नाही.

तेव्हा मी उदगीरला मोजणीच्या ऑफिसात ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे नकाशा उतरवून काढणारा. मेणकापड जुन्या नकाशावर अंथरायचं आणि खालची रेघ वर जशीच्या तशी ओढायची, एवढंच काम. हात स्थिर असला की झालं, डोकं लागत नाही, असं आमचे साहेब म्हणायचे. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादहून दप्तरांची गाठोडी ट्रकमधून येत होती. बसस्टँडवर, शाळेवर, दवाखान्यावर शिडी लावून पेंटर जुन्या जिल्ह्याचं नाव खोडत आणि नवं काढत. सगळ्या गावाला ऑइलपेंटचा वास लागला होता.

"आधी बीदर, मग उस्मानाबाद, आता लातूर," विश्वनाथअप्पा म्हणायचे. "गाव जागचं बोटभर हललं न्हाई तम्मा, अन् जिल्हा तिसरा झाला."

अप्पांचं चौबाऱ्याजवळ भुसार दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात बिनइस्त्रीचा पांढरा सदरा. वय साठीच्या पुढे, पण चाल अशी की मला त्यांच्याबरोबर पळावं लागे. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. कानडी सीमेकडच्या माणसासारखे ते मला 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. माझ्या स्वतःच्या भावांनी मला कधी इतक्या मायेनं हाक मारली नाही.

त्या गाठोड्यांत एक दिवस निजामाच्या काळातला कापडी नकाशा निघाला. कडा उंदरांनी खाल्लेल्या. अक्षरं उर्दू. माझे वडील उर्दूत शिकलेले, त्यांच्याकडून मला ती लिपी येत होती. नकाशावर उदगीरपासून निघालेली ठिपक्यांची बारीक रेघ मुखेडवरून, बिलोली तालुक्याच्या कडेनं, गोदावरी ओलांडून उमरीला जात होती. तिथून भोकरच्या डोंगरांत शिरून थेट माहूरपर्यंत. शेजारी लिहिलेलं, 'पैदल'. रेघेच्या अंगाला ठिकठिकाणी छोटे गोल होते, त्या विहिरी आणि बारवा. एक गोल म्हणजे हंगामी पाणी, दोन गोल म्हणजे बारमाही.

संध्याकाळी मी अप्पांना हे सांगितलं. ते ज्वारीच्या पोत्यावर बसले होते.

"बहात्तरला मी ह्याच दुकानात व्हतो," ते म्हणाले. "माणसं बोधनकडं, निजामाबादकडं कामाला चालून राहिली व्हती. डांबरीनं. डांबरी सरळ जाते म्हणून डांबरीनं. अन् पाणी सगळं आत, रानात. एक बाई मैलाच्या दगडाला टेकून बसली ती उठलीच न्हाई. तिच्यापासून दोन शेतं आत विहीर व्हती, तम्मा. मला म्हाईत व्हती. तिला म्हाईत न्हवती."

मग म्हणाले, "ही वाट पुन्हा काढू आपण. विहिरीवरनं विहिरीवर जाणारी. पायी चालणाऱ्याला."

त्या साली पाऊस भादव्यातच आटोपला होता. दुष्काळाचं नाव अजून कुणी घेत नव्हतं, पण सगळ्यांच्या बोलण्यात ते होतं. अप्पांना घाई होती.

दिवाळीनंतर आम्ही निघालो. सलग नाही, माझी रजा, जोडून आलेल्या सुट्ट्या, अप्पांचे बाजार सोडून उरलेले दिवस. एक टप्पा चालायचा, एसटीनं परतायचं, पुढच्या खेपेला तिथूनच पुढे. नकाशातली अर्धी वाट नांगरली गेली होती. कुठे तिच्यावर ऊस उभा, कुठे तलावाचं पाणी. मग लोकांना विचारायचं, बांधाबांधानं वळसा घ्यायचा आणि दगडावर पांढऱ्या रंगानं बाण काढायचा. रंग, ब्रश अप्पांच्या पिशवीत. बाण आणि गोल काढायचे मी, कारण हात माझा स्थिर.

खुणा अप्पांनीच ठरवल्या होत्या, न वाचणाऱ्यालाही कळाव्यात अशा. भरलेला पांढरा गोल म्हणजे इथे बाराही महिने पाणी. अर्धा गोल म्हणजे शिमग्यापर्यंत, पुढे भरवसा नाही. गावोगावी पारावर बसून ते हे समजावून सांगत. लोक हसत, चहा पाजत. मुखेडच्या अलीकडे एका म्हातारीनं अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा ते इतके अवघडले की चहा अर्धा टाकून पुढे चालू लागले.

त्या दिवसांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत, हे आज लिहितानाही लाज वाटते. पहाटेची थंडी, हरभऱ्याचा आंबट टहाळ, गोदावरीच्या वाळूत पाय भाजायच्या आत ओलांडलेलं पात्र. मारुतीच्या देवळात पथारी. अप्पांची इष्टलिंगाची पूजा होईपर्यंत मी बाहेर पायरीवर बसून वहीत वाट उतरवायचो. ऑफिसात दुसऱ्याची रेघ गिरवणारा मी इथे स्वतःची रेघ ओढत होतो. सव्वीस वर्षांच्या माणसाला एवढी गोष्ट नशा चढायला पुरते.

पौषात आम्ही भोकरच्या पुढच्या डोंगरांत शिरलो. सागाची पानं गळत होती. पाचसहा कोसांच्या पट्ट्यात गाव नाही, तांडा नाही, आणि मध्यावर एकच बारव. दगडी, खोल, उतरायला पायऱ्या. नकाशात तिच्यावर दोन गोल होते. पाणी पार तळाला गेलेलं, पण होतं. हिरवट, त्यावर पानं तरंगत होती.

काठावर एक म्हातारा शेरड्या घेऊन बसला होता. थावरा त्याचं नाव, जवळच्या म्हणजे अडीच कोसांवरच्या तांड्यातला. आमचं काम त्यानं शांतपणे बघितलं. मी ब्रश बुडवला तेव्हा विचारलं, "काय काढून राहिले, साहेब?"

मी सांगितलं.

"पुरा गोल काढू नका," तो म्हणाला. "चांगल्या सालाला शिमग्यापर्यंत पुरतंय. औंदा तर पाऊसच न्हाई. महिनाभर टिकंल. मग बेडूक बी ऱ्हात न्हाई ह्यात."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली. इथे अर्धा गोल काढायचा तर हा सगळा टप्पाच उन्हाळ्यात बंद झाला असता. पाचसहा कोस पाण्यावाचून कुणी चालणार नाही. टप्पा तुटला म्हणजे वाट तुटली. माहूर दोन दिवसांवर आलेलं असताना. आणि माझ्यापुढे सरकारी मोहरेचा नकाशा होता, त्यावर दोन गोल होते, एक नव्हता. दुसऱ्या बाजूला शेरड्या राखणारा म्हातारा.

"पक्कं ना, तम्मा?" अप्पांनी विचारलं.

"नकाशात हाय, अप्पा. बारमाही हाय."

थावरानं शेरड्या पुढे हाकल्या. मी बारवेच्या तोंडाशी, कमानीच्या दगडावर, गोल काढला. सारवल्यासारखा गुळगुळीत भरला. सुंदर आला होता. थोडं मागे सरून मी तो बघितलाही.

माघात वाट माहूरला पोचली. रेणुकेच्या पायऱ्या चढताना अप्पा माझा हात धरून होते. म्हणाले, "आता डांबरीवर कुणी मरायचं न्हाई."

चैत्रात काशीबाई वारल्या.

त्या उदगीरजवळच्या एका खेड्यातल्या. पन्नाशीच्या, अंगानं काटक, घरातल्या थोरल्या सूनबाई. त्यांची धाकटी जाऊ गया, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. तिच्यासाठी काशीबाईंनी नवस बोलला होता, चैत्र पुनवेला पायी माहूरला येईन म्हणून. अप्पांनी त्यांच्या गावच्या पारावर वाटेची गोष्ट सांगितली होती. दोघी जावा त्या भरवशावर निघाल्या. सहा दिवस सगळं नीट झालं. जिथे भरलेला गोल होता तिथे पाणी होतं, जिथे अर्धा होता तिथे त्या थांबल्या नाहीत. वाटेवर त्यांचा विश्वास बसला होता. म्हणून भोकरच्या पुढे निघताना त्यांनी जवळचा पाण्याचा डबा निम्माच भरून घेतला. ओझं कशाला, पुढे गोल आहेच.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या बारवेवर पोचल्या. तळाला चिखलही नव्हता, भेगा होत्या.

पुढचं सगळं गयानं सांगितलेलं. काशीबाई म्हणाल्या, गोल पुरा हाय म्हणजे पाणी हायच, खाली गेलं असंल. त्या पायऱ्या उतरल्या आणि हातानं उकरायला लागल्या. हातभर खोल गेल्या. नखं फुटली. मग त्यांना घेरी आली. डब्यात उरलेलं घोटभर पाणी त्यांनी गयाला प्यायला लावलं आणि म्हणाल्या, तू पाय उचल, कुणी भेटतंय का बघ, मी हितं सावलीला हाय. गया निघाली. कुठल्या दिशेला जायचं तेही तिला ठाऊक नव्हतं. दोन तास रानात हिंडल्यावर तिला शेरड्यांचा आवाज आला. थावरा पाण्याची पखाल घेऊन तिच्यामागे धावत आला, वय विसरून. काशीबाई खालच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे. हात मातीत.

पंचनाम्यात ऊन लागून मरण पावल्याचं लिहिलं. ते खरंच होतं.

आम्ही तिसऱ्या दिवशी त्यांच्या गावी गेलो. अंगणात माणसं बसली होती. कुणी आम्हाला बसा म्हणालं, कुणी नाही. अप्पा मातीतच बसले, मी त्यांच्या मागे. काशीबाईंचा नवरा गुडघ्यांत मान घालून होता. थोड्या वेळानं आतून गया आली. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, ओठ फाटून काळे पडलेले. चौकटीला धरून उभी राहिली. आवाज चढला नाही तिचा.

"तो गोल कुणी काढला व्हता?"

मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो. तिथे पांढऱ्या रंगाचा वाळलेला ठिपका होता. माझं तोंड उघडलं असावं असं मला अजून वाटतं. आवाज आला तो अप्पांचा.

"मी काढला, माय."

कुणीतरी अप्पांच्या अंगावर धावून गेलं. दुसऱ्यांनी आवरलं. एका म्हाताऱ्यानं वर बघून थुंकल्यासारखं केलं. मी तसाच बसून राहिलो. पाच मिनिटं असतील. ती पाच मिनिटं माझ्या आयुष्यात अजून चालूच आहेत.

परतताना एसटीत अप्पा खिडकीकडे तोंड करून होते. देवणीच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा म्हणाले, "तुझी नोकरी हाय. लग्न व्हायचंय. माझं काय आता." थोड्या वेळानं, बाहेर बघतच, पुन्हा बोलले, "तू बोलला असतास तर मी अडवलं नसतं, तम्मा."

त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही.

वैशाखात मी बारा दिवसांची रजा टाकली. रॉकेलचा डबा, तारेचा ब्रश, छिन्नी. उदगीरपासून एकट्यानं चालत गेलो आणि आमची प्रत्येक खूण खरवडून काढली. भरलेले गोल, अर्धे गोल, बाण, सगळे. रान करपलं होतं. जनावरांच्या सांगाड्यांवर घारी बसलेल्या. गावागावांत लोकांनी मला ओळखलं. बातमी माझ्या पुढे चालत होती. कुणी पाणी नाकारलं नाही, पण पिताना माझ्याकडे बघत राहत.

बारवेवर थावरा होता. शेरड्या निम्म्या उरलेल्या. मी दगड घासत होतो आणि तो काठीवर हनुवटी टेकवून बघत होता. रंग दगडाच्या छिद्रांत शिरलेला, निघता निघेना. हाताची सालं निघाली.

"मी बोललो व्हतो ना, साहेब," तो म्हणाला. रागानं नाही. आपलं ऐकू आलं नसेल, अशी त्याची समजूत असावी.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माझं लग्न झालं, लातूरला बदली झाली. ऑफिसात नव्या जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लागला, त्यातल्या निम्म्या रेघा माझ्या हातच्या. साहेबांनी पेढे वाटले. उदगीरला मात्र अप्पांच्या दुकानावरून जाताना लोक हळू आवाजात सांगत, ह्या अप्पाच्या वाटेनं बाई मेली. अप्पा ते ऐकत आणि ज्वारी मोजत. चौथ्या वर्षी ते गेले. लिंगायतांच्या रीतीनं त्यांना बसवून नेताना मी खांदा दिला. खड्ड्यात माती लोटताना मला कळलं, की आता हे खोटं एकट्या माझ्याकडे राहिलं.

आठवड्यानं मी गयाच्या दारात उभा होतो. ती ओट्यावर तूर पाखडत होती. मूलबाळ झालं नव्हतं. काशीबाईंच्या दोन पोरी तिनंच वाढवलेल्या. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि पोतं अंथरलं.

"अप्पा गेले," मी म्हणालो.

"कळलं. दर संक्रांतीला येत व्हते. तीळगूळ घेऊन. हितंच बसायचे, पोरींची चौकशी करायचे अन् जायचे."

मला हे ठाऊक नव्हतं. अप्पा एकदाही बोलले नव्हते. मी सांगून टाकलं. गोल मी काढला. म्हाताऱ्यानं अडवलं होतं, तरी काढला. आणि त्या दिवशी गप्प बसलो तोही मीच.

ती ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मला त्याच दिशी कळलं व्हतं. तुमचं तोंड बघितलं व्हतं की मी. अप्पांना इचारायचं मन झालं न्हाई. एवढा थोर माणूस मातीत बसला व्हता."

मी म्हणालो, "मी सगळ्या खुणा पुसून टाकल्या, बाई. एकही ठेवली नाही."

तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर राग आला.

"पुसल्या? सगळ्या?"

"हाव."

"अन् बारवेवरची?"

"तीही."

"मग आता तिथं जाणाऱ्याला काय कळावं?" ती उठून उभी राहिली होती. "पाणी न्हाई म्हणून लिवायचं सोडून तुम्ही पुसून आला? कुणासाठी पुसलं ते? आमच्या काशीअक्कासाठी?"

बारा दिवस हात सोलून मी केलेलं काम मी प्रायश्चित्त समजत होतो. दगडावरचा माझा हात दिसू नये, एवढ्यासाठीच ते केलं होतं.

त्याच महिन्यात आम्ही गेलो. गया, तिचा नवरा आणि मी. भोकरपर्यंत एसटी, पुढे पायी, प्रत्येकाजवळ पाण्याचे दोन दोन कॅन. फाल्गुन अखेर होती. पळस पेटल्यासारखा फुलला होता. बारव दिसली तशी गया थांबली, मग पुढे येऊन वरच्या पायरीवर बसली. खाली उतरली नाही. तिच्या नवऱ्यानं डोकावून पाहिलं आणि मान हलवली. तळ कोरडा होता.

मी काळा रंग आणला होता. कमानीच्या दगडावर आधी पांढरा पट्टा ओढला, तो वाळू दिला आणि त्यावर हातभर अक्षरांत लिहिलं: 'शिमग्यानंतर पाणी नाही. तांडा अडीच कोस, उगवतीला.' ट्रेसरच्या नोकरीत माझी अक्षरं इतकी वाकडी कधी आली नव्हती.

"काय लिवलं?" गयानं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"अक्काचं नाव?"

मी खाली तेही लिहिलं. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली, जणू कोणतं अक्षर कोणतं ते तिला ओळखायचं होतं. मग म्हणाली, "लांबून दिसतंय का बघा."

मी वाटेनं मागे चालत गेलो. वीस पावलं, पन्नास पावलं, पार पहिल्या सागापर्यंत. वळून पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं, तरी अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"दिसतंय," मी तिथूनच ओरडलो.

"अजून मागं जा," ती म्हणाली.